भारतसाहेबांचे पाय

डॉक्टरांनी रबरी हातोडी साहेबांच्या गुडघ्याखाली मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही हलला नाही. मग डॉक्टर हातोडी खाली ठेवून साहेबांच्या छातीकडे बघत राहिले. श्वास मोजत होते, हे मला नंतर कळलं.

"गियाँ-बारे सिंड्रोम वाटतोय," नारायणगावचे ते डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "जी.बी.एस. म्हणतात. रोगाशी लढणारी शरीराची ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते. पावलांपासून सुरू होतं आणि वर चढतं. छातीपर्यंत गेलं तर श्वास बंद पडतो. पुण्याला न्या. वाटेत चहालाही थांबू नका."

मी निमगाव सावाचा सोपान. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पिंपरी पेंढारच्या शिवारात फुलांचं एक पॉलिहाऊस होतं, तिथं मी सुपरवायझर होतो. जरबेऱ्याची लागवड शिकवायला बेल्जियमहून एक तज्ज्ञ वर्षभरासाठी आले होते. नाव बार्ट. कामावरच्या बायांनी पहिल्याच आठवड्यात बार्टचं भारत करून टाकलं. उंच, रुंद खांद्याचा, नाक मोडलेला माणूस. फुलांकडे वळण्याआधी बारा वर्षं ते पोटासाठी फुटबॉल खेळले होते. डिफेंडर, म्हणजे गोल करणारा नव्हे, होऊ न देणारा.

आजारपण सुरू झालं ते साध्या जुलाबानं. जुलाब थांबले. दहा दिवसांनी साहेब म्हणाले, पायाला मुंग्या येताहेत. दुसऱ्या दिवशी बांधावरून उतरताना त्यांचा पाय लटपटला. मी दवाखान्याचं नाव काढलं तर हसले. "यापेक्षा वाईट पायांनी मी सामने खेळलोय," म्हणाले. मीही कामाला लागलो. पुढच्या दिवशी त्यांना खुर्चीतून उठता येईना, तरी मी उद्या बघू म्हणत होतो. माझी बायको सुमन डबा घेऊन आली होती. तिनं त्यांच्या पायांकडं बघितलं आणि मला म्हणाली, "आवं, उद्या कशाला? पाय उचलंना झालाय त्यांचा. ह्ये काय साधं न्हाई. आत्ताच जीप काढा."

तिनं जोर केला नसता तर हे लिहायला विषयच उरला नसता.

नारायणगावहून आम्ही तसेच पुण्याकडं निघालो. मंचर, खेड मागं पडलं तोवर साहेबांच्या हातातून पाण्याची बाटली निसटायला लागली होती. चौघांनी उचलून त्यांना वॉर्डात नेलं. पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढलं. याला लंबर पंक्चर म्हणतात. मग विजेचे बारीक झटके देऊन नसा तपासल्या. निदान पक्कं झालं. फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही कोण करणार, असं विचारलं. त्यांची आई म्हातारी, प्रवास न झेपणारी. बहीण यायला आठवडा लागणार होता. मी सही केली. माणसाला काही झालं तर त्या आईला मी काय सांगणार होतो?

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला एक काम दिलं. "दर तासाला त्यांना एका श्वासात आकडे म्हणायला सांगा. दहाच्या खाली आले तर मला बोलवा."

साहेब त्यांच्या भाषेत आकडे म्हणायचे. मला ते कळत नव्हते म्हणून मी बोटांवर मोजायचो. पहिल्यांदा तेवीस आले. दुपारी एकोणीस. संध्याकाळी चौदा.

मधल्या वेळात ते बोलायचे, अर्धं इंग्रजी, अर्धं मोडकं मराठी. वडील कोळशाच्या खाणीत होते. सोळाव्या वर्षी गावच्या क्लबात घेतलं. तीन वर्षं बिनपगारी खेळले, मग पगार सुरू झाला. आठ वर्षं दुसऱ्या श्रेणीत, चार वर्षं वरच्या श्रेणीत. "गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं," ते म्हणाले. "माझं नाव चुकलो तरच यायचं." एकदा हंगामाच्या शेवटच्या सामन्यात चेंडू त्यांच्या पायाला लागून आपल्याच जाळीत गेला आणि क्लब खालच्या श्रेणीत उतरला. महिनाभर ते पाव आणायलाही बाहेर पडले नाहीत. पुढं गुडघ्यात इंजेक्शनं घेऊन खेळले. एकतिसाव्या वर्षी तो गुडघा संपला आणि ते मामाच्या फुलांच्या शेडमध्ये कामाला लागले.

मी विचारलं, "एवढ्या लोकांसमोर भीती नाय वाटायची?"

"प्रत्येक सामन्याआधी उलटी व्हायची," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं नाही. आत्ता तेव्हापेक्षा जास्त भीती वाटतेय, सोपान. तू जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा आकडे आले. दुपारी ते नवावर थांबले. आवाज नाकातून येत होता. मी बाईंकडे धावलो.

त्यांच्या घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. व्हेंटिलेटर म्हणजे रुग्णाच्या वतीनं श्वास घेणारं यंत्र. या आजारात शुद्ध जात नाही, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. माणूस आत पूर्ण जागा असतो आणि बोटही हलवू शकत नाही. फक्त डोळे. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही, असं आम्ही ठरवलं. त्या डोळ्यांत मी जी भीती बघितली ती कुणाच्याही वाट्याला येऊ नये. इम्युनोग्लोब्युलिन नावाचं औषध, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली संरक्षक द्रव्यं, पाच दिवस शिरेतून दिलं. फरक दिसेना. बाई म्हणाल्या, "चढणं थांबलंय. आज तेवढंच मागा."

मी रोज काचेबाहेर अंगावर हिरवा गाऊन चढवून वाट बघायचो आणि आत गेलो की कुठल्या वाफ्याला किती कळ्या आल्या ते सांगायचो. दुसरं सुचायचं नाही. अठराव्या दिवशी ते स्वतःहून श्वास घ्यायला लागले आणि यंत्र काढलं. त्यांची बहीण भिंतीला टेकून रडली, मीही रडलो.

ज्यांच्या घरी असं काही होईल त्यांना एवढंच सांगतो. पावलांच्या मुंग्या वर चढताहेत, पायातली ताकद जाते आहे असं दिसलं, तर रुग्ण कितीही धट्टाकट्टा असो, त्याच्या हसण्यावर जाऊ नका. तास मोजा, दिवस नको. मी दोन दिवस घालवले. बाई म्हणाल्या, त्यानं नुकसान झालं असेलच असं नाही. पण त्या 'असेलच'वर मी अजून अडकतो. आणि औषधांइतकंच तासातासाला कूस बदलणाऱ्या सिस्टरांना, चमच्यानं पाणी पाजणाऱ्या मावशींना विसरू नका. त्यांच्यामुळे साहेबांच्या अंगाला एकही जखम झाली नाही. आज ते काठी न घेता चालतात. पावलं थोडी बधिर आहेत, जिना खाली बघून उतरावा लागतो, असं पत्रात लिहितात.

पुण्याच्या दवाखान्यात दोन महिने काढल्यावर त्यांना मायदेशी न्यायचं ठरलं होतं. वॉर्डातून निघताना व्हीलचेअर तयार होती. साहेब म्हणाले, आधी उभं करा. एका बाजूला फिजिओथेरपिस्ट, दुसऱ्या बाजूला मी. त्यांचे गुडघे थरथरत होते, कपाळावर घाम होता. माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला की बोटं रुतली.

मी त्यांच्या तोंडाकडे बघायला गेलो आणि मला मान पार वर करावी लागली. दोन महिने मी त्यांना आडवंच बघत होतो. हा माणूस एवढा उंच आहे, हे मी विसरून गेलो होतो.