अर्ध्या मिनिटाची साडी

साडीची घडी मोडायची, पदर झटकून स्वतःच्याच खांद्यावर टाकायचा, निऱ्या पोटाशी धरायच्या आणि हनुवटी वर करून म्हणायचं, "आता बघा." जामखेडच्या त्या दुकानात अप्पांनी हे किती वर्षं केलं कुणास ठाऊक. असा सेल्समन तुम्हीही पाहिला असेल. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, गालावर दाढीचे खुंट आणि अंगावर मोरपंखी पदर. समोरच्या बायका कधी हसत नसत. त्या अप्पांकडे बघतच नसत, साडीकडे बघत.

मी सावेडीत राहते, लहान दुकानांची सोशल मीडियाची पेजेस सांभाळते; हे दुकान त्यातलंच. अर्ध्या मिनिटाचं रील करायचं, दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा की सरळ लाईव्ह जायचं, हे ठरवणं माझं काम. यावरच माझं पोट चालतं आणि यानेच मी थकते, कारण आज चाललेलं उद्या चालेलच असं नाही.

अप्पांना रील जमेना.

"अर्ध्या मिनिटात साडी? ताई, तेवढ्यात घडी बी मोडत न्हाई."

"अप्पा, सुरुवातीलाच काही दिसलं नाही तर लोक पुढे जातात."

"जाऊ द्या की. ज्याला घ्यायचीय त्यो थांबतोय."

मोठ्या व्हिडिओत तर ते लाकडासारखे बसले. म्हणाले, "बोलायला समोर मानूस पायजे." म्हणून लाईव्ह करून पाहिलं, आणि अप्पा खुलले. दुपारी दुकान रिकामं असताना आम्ही मोबाईल लावायचो. ऊसतोडीला गेलेल्या आमच्याकडच्या बाया फडावरून बघायच्या. कुणी लिहायचं, "अप्पा, हिरवी दाखवा, पाडव्याला आले की नेते." ते साडी बाजूला काढून ठेवायचे आणि विचारायचे, "ऊस कुठवर आला गं? जेवलीस का?" विक्री बाजूला राहतेय असं मला वाटायचं, पण विक्री व्हायची ती त्या गप्पांमुळेच.

मालकांना मात्र रीलही हवं होतं. मी लाईव्हमधले तुकडे कापून टाकू लागले. त्यातला एक सुसाट पळाला. पदर खांद्यावर टाकून अप्पा हनुवटी वर करतात, एवढंच त्यात होतं. मालकांनी पेढे वाटले. चार दिवसांत कुणीतरी तो तुकडा उचलून त्याला लग्नातल्या नाचाचं गाणं लावलं. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. खालच्या कमेंट मी इथे लिहिणार नाही.

त्या आठवड्यात अप्पा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "हे काढता येतं का?"

"आपलं आजच काढते. लोकांनी घेतलेल्याची तक्रार करते, पण सगळं जाईल असं नाही."

"म्हंजे ऱ्हानार."

 ते समोरच्या साडीची घडी घालत होते, पण कड कडेला लागत नव्हती. "लेकीची सासू हसली म्हनं," ते म्हणाले. "लेक रातच्याला जेवली न्हाई."

मग त्यांनीच तोड काढली. "असं करा, गळ्याच्या खाली धरा." मी मोबाईल खाली केला. पडद्यावर फक्त शर्ट, हात आणि साडी. त्यांनी वाकून पाहिलं. "हां. आता कुनी का असंना."

तसे व्हिडिओ बरेच केले. हात तेच, साड्या तशाच, पण अप्पा बोलेनासे झाले. बायका विचारायच्या, "हे हात अप्पांचेच ना?" एकदा एकीने लिहिलं, "अप्पा, बोला की. इथं करमत नाही." ते त्यांनी दोनदा वाचलं. "हाय गं माय, हितंच हाय," एवढं म्हणाले आणि मला हाताने बंद करायची खूण केली.

विक्री उतरली. मालक म्हणाले, "चेहरा पाहिजे. नाहीतर गोदाम बघा." अप्पा मुकाट्याने गोदामात गेले. संक्रांतीनंतर यायचेच थांबले.

दुकानाने लाईव्हला एक मुलगी आणली. छान दिसायची, छान बोलायची. बाया मात्र एकेक करून बघायच्या बंद झाल्या. तेव्हा मालक मला म्हणाले, "तुमचं ऐकतील ते. घेऊन या."

अप्पांचं गाव काष्टी, तिकडेच ते परतले होते. मी बाजाराच्या दिवशी गेले. ताडपत्रीखाली टॉवेल, चादरी, गाऊन मांडले होते. गिऱ्हाइकांशी बायको बोलत होती, अप्पा घड्या घालत होते. मला बघून त्यांनी गठ्ठ्यावरची जागा झाडली. मी निरोप सांगितला. पगार वाढेल, चेहरा नको असेल तर नको, मालक तयार आहेत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फडावरच्या बाया आल्या का माघारी?"

"अजून नाही."

"येत्याल." हातातली घडी पुरी करत म्हणाले, "बसा ताई. ऊन उतरू द्या."

मी उत्तराची वाट बघत बसले. समोर मिरचीवाल्याचा आरडाओरडा चालला होता, मागे कुणाची तरी गाय हंबरत होती. काही वेळाने वळून पाहिलं तर अप्पांची मान छातीवर पडलेली. एवढ्या गोंगाटात त्यांना गाढ झोप लागली होती. मी हाक मारणार, तेवढ्यात बायकोने बोट ओठांवर ठेवलं.

"घरी डोळ्याला डोळा लागत न्हाई त्यांच्या," ती म्हणाली.

मी उठले. तिने ताडपत्रीचं टोक ओढून त्यांच्या तोंडावरचं ऊन अडवलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हळू आवाजात भाव सांगू लागली.