अँब्रोसमामाचं नवं इंजिन

आमच्या इसाबेल बेटावर गावं सगळी किनाऱ्याला, आणि रस्ता म्हणाल तर समुद्रच. त्यामुळे प्रांताचा कारभार चालतो तो अँब्रोसमामाच्या होडीवर. छपराचे पत्रे, रॉकेल, शाळेचे मास्तर, सगळं तोच पोचवतो. वांधा एकच. किनाऱ्यावरून नातलगानं हात केला की होडी वळवायची, नाहीतर माणूस माजला म्हणतात. आणि मामाचे नातलग कुठल्या गावात नाहीत?

मामाचा हा उशीर प्रांतप्रमुखांना फार खुपायचा. त्यांनी विकासनिधीतून त्याला दुप्पट जोराचं इंजिन दिलं आणि बजावलं, "आता दुपारी इथे बुआलात, मुख्यालयाच्या धक्क्यावर दिसायला हवास!"

मामा आला तो अंधार पडतानाच, नेहमीसारखा.

"इंजिन विकून खाल्लंस की काय रे?" साहेब धक्क्यावरूनच ओरडले.

"छे हो, झकास पळतंय! पूर्वी वेळ पुरायचा नाही, म्हणून लांबच्या नातलगांना न पाहिल्यासारखं करून सटकायचो. किती बोलणी खाल्ली त्यापायी! आता सगळ्यांकडे थांबलो, रताळी खाल्ली, सुपारी चघळली. तुमच्या सासुरवाडीलासुद्धा जाऊन आलो."

साहेब एकदम नरमले. "बरं... काय म्हणाल्या सासूबाई?"

"त्यांनाच विचारा की," म्हणत मामानं ताडपत्री बाजूला केली. चटई, कोंबड्या आणि अळूच्या कंदांच्या टोपल्या घेऊन सासूबाई ऐसपैस बसल्या होत्या.

"एवढी जलद होडी दिलीत जावईबापू," त्या म्हणाल्या, "आता दर महिन्याला येत जाईन."

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी जुनं इंजिन शोधायला माणूस पाठवला.