मेथी निवडताना

संध्याकाळी शोभाचा मेसेज आला, ‘वाचूनही उत्तर नाही?’ दिवसभर सगळ्या ग्रुपांवर उत्तरं देऊन मी इतकी थकले होते, की जवळच्या मैत्रिणीसाठीही बोट उचलेना. फोन घरीच ठेवला आणि मागच्या गल्लीतल्या तिच्या घरी गेले. ती मेथी निवडत बसली होती.

“तुझा नाही गं, त्या फोनचा कंटाळा आलाय,” मी म्हणाले. “रागावलीस?”

तिने काही न बोलता अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघी पानं खुडत राहिलो. फोनवर हीच शांतता टोचली असती. इथे शोभाच्या शेजारी बसून तीच शांतता चक्क बरी वाटत होती.

मेथी संपल्यावर शोभा उठली. “कणीक मळते. आता जेवूनच जा,” म्हणाली.