आत्याचं ॲडजस्ट

माझ्या आत्याने एका इंग्रजी शब्दाचा जेवढा कस काढला, तेवढा खुद्द इंग्रजांनीही काढला नसेल. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या इंग्रजीचा सगळा ऐवज तिने कुठेतरी सांडला आणि नंतर कुठूनसा मिळालेला 'ॲडजस्ट' तेवढा जपून ठेवला. विश्रांतवाडीच्या बसमध्ये दोघांच्या बाकावर "जरा ॲडजस्ट करा" म्हणून ही तिसरी बसे, आणि पुढच्या स्टॉपपर्यंत मूळच्या दोघांपैकी एकजण तिची पिशवी धरून उभा असे. आमटी खारट झाली की पाण्याने ॲडजस्ट, चष्म्याची दांडी मोडली की दोऱ्याने ॲडजस्ट. विहारात सगळे डोळे मिटून ध्यानाला बसलेले असताना त्या शांततेत हिचा आवाज यायचा, "ताई, तो गुडघा जरा ॲडजस्ट करता का?" एकदा दाताच्या डॉक्टरांनी आज वेळ नाही म्हणून सांगितलं, तर "अहो, एकच तर दात आहे, करा की ॲडजस्ट!" म्हणून ती खुर्चीतच जाऊन बसली. बिचाऱ्यांनी जेवण पुढे ढकलून दात काढला. निघताना तिने वर त्यांनाच वेळेवर जेवत जा म्हणून दम भरला.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे आले. स्थळ आत्यानेच आणलेलं. आमच्या एवढ्याशा खोलीत तिने अकरा माणसं बसवली, त्यातलं एक शिलाई मशीनवर. मुलगा बरा होता, पोहेही मन लावून खात होता. सगळं जमत आलं आणि मुलाची आई म्हणाली, "फक्त ती लॅबमधली नोकरी सोडावी लागेल हं. रात्रीच्या शिफ्टा आमच्याकडे चालायच्या नाहीत. मुलीला थोडं ॲडजस्ट करावंच लागतं, नाही का?"

बहिणीने मान खाली घातली. आम्ही सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. शब्द तिचा, स्थळ तिचं. आता ती काय म्हणणार, हे उघडच होतं.

आत्याने हातातली बशी खाली ठेवली. "अहो ताई, ॲडजस्ट करायचं म्हणजे सरकून बसायचं. उठून जायचं नव्हे." आणि लगेच, "पोहे घ्या ना, गार होतायत."

पाहुण्यांनी पोहे घेतले नाहीत. मुलाने तेवढे संपवले.

ते गेल्यावर आई चिडली, "ताई, चांगलं स्थळ घालवलंत!" आत्या कपबशा घेऊन मोरीत गेली. मी पुसायला फडकं घेऊन मागोमाग.

"मला टेलिफोन ऑफिसातून नोकरीचं पत्र आलं होतं रे," ती कप विसळत म्हणाली. "लग्नानंतर पंधरा दिवसांनी."

"मग?"

"मग काय. सासरच्यांनी समजावलं. हा शब्द मी पहिल्यांदा तिथेच ऐकला."

बाहेरच्या खोलीत बहीण फोनवर उद्याच्या शिफ्टबद्दल कुणाशी तरी खणखणीत आवाजात बोलत होती. आत्याने नळ बंद केला, आणि ते बोलणं संपेपर्यंत ओल्या हातांनी तशीच ऐकत उभी राहिली.