अर्जावरचं नाव

काल इथे दिल्लीच्या गोदामात परदेशी वाइनची एक बाटली उघडली आणि बुचाला ओल्या गोणपाटाचा वास आला. त्या वासाने मला थेट महाडच्या दारूच्या दुकानात नेऊन उभं केलं.

नववीत शाळा सोडून मी उमरठहून तिथे कामाला आलो, त्याला सात वर्षं झाली होती. मालक, म्हणजे आमचे शेट, दुकान बंद करून परदेशातून वाइन आणायच्या धंद्यात उतरणार होते. एका दुपारी त्यांनी नमुन्याची बाटली उघडली आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, मी चोरून पितो का ते बघतायत. मी नुसता वास घेतला, आई दूध ओतण्याआधी किटलीचा घ्यायची तसा.

"शेट, ओल्या गोणपाटावानी वास हाय."

त्यांनी दुसरी उघडली. तिलाही तोच वास. "हा माल घ्यायचा नाही," ते म्हणाले. "तू चल माझ्याबरोबर मुंबईला."

"आन् पकडलं तर आत कोण जाणार?"

शेट हसले. "अरे, स्मगलिंग नाही हे! परवान्याच्या अर्जावर नाव माझंच आहे."

गल्ल्यावर पडलेला अर्ज इंग्रजीत होता. मी तो उचलला आणि शेजारच्या मेडिकलवाल्याकडून दोनदा वाचून घेतला. नाव खरंच त्यांचं होतं. परत आलो तर शेट माझ्या जागी उभे राहून गिऱ्हाईकाला बाटली कागदात गुंडाळून देत होते.

"झाली खात्री?" एवढंच विचारलं.

आज माझ्या हाताखाली माणसं आहेत. त्यांतल्या कुणी माझा कागद असा बाहेर नेला, तर मी त्याला ठेवीन का, छातीठोक सांगता येत नाही.