रगेलचा राहिलेला सवाल

दुपारचे साडेबारा वाजलेत आणि माझे डोळे मिटायला लागलेत, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर म्हणाल, कांडी जागेपणी थापा मारते. पोटात मटकीची उसळ आहे, डोक्यात एक ओळ नाही आणि पाच वाजता मुरगूडच्या बाजारपेठेत मला स्टेजवर उभं राहायचंय. समोरच्या भिंतीवर खिळ्याला हलगी टांगलीय. ती माझी नाही. ज्याची आहे त्याला जाऊन आज वर्ष झालं.

मी तृप्ती कोष्टी, इचलकरंजीची. रॅप करते, त्या जगात माझं नाव कांडी. मागाच्या धोट्यात सुताची कांडी असते ना, तीच. बाबांच्या चार यंत्रमागांच्या खडखडाटावर मी पहिलं गाणं म्हटलं, मैत्रिणीने ते फोनवर शूट केलं आणि आठवड्यात अख्ख्या गावात माझा आवाज घुमला. हलगीवाला तो इंद्रजित आवळे, मुरगूडचा, नाव रगेल. घरात बापाची हलगी, त्यावर याचं तोंड. पुण्या-मुंबईचे रॅपर आम्हाला ‘दक्षिणेकडचे दोन गावठी’ म्हणायचे, पण त्यांच्याकडे बघायला आम्हाला वेळ कुठे होता? आम्ही एकमेकांनाच खायला उठलो होतो. तीन वर्षं, अकरा सामने आणि गाण्यांचा तर हिशेबच नाही. इकडे कांडी गट, तिकडे रगेल गट. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पोरं त्यावरून बाकं वेगळी करून बसायची.

सामन्याचे नियम आम्ही जुन्या शाहिरांच्या सवाल-जवाबातून उचललेले. एक, गाणाऱ्याचा ठेका समोरच्याने वाजवायचा. वैऱ्याच्या ठेक्यावर जो टिकला तो खरा. दोन, जाताना एक सवाल टाकायचा. वर्षाच्या आत जवाब दिला नाही, तर हलगी सवाल टाकणाऱ्यापुढे खाली ठेवायची आणि पुन्हा स्टेज चढायचं नाही.

रगेलने शेवटचा सवाल टाकला तो असा:

‘मागाच्या ठेक्यावर गातीस कांडी, मागाचाच तुला माज,
माग बंद पडल्या दिवशी सांग, कुणाचा घेशील आवाज?’

मी हसले होते. म्हटलं, हा काय सवाल झाला? आठवड्यात फाडून टाकते. आठव्या दिवशी त्याची गाडी उसाच्या ट्रॉलीला धडकली. आणि तीन महिन्यांनी बाबांनी चारही माग भंगारात दिले.

तेव्हापासून मी काही लिहिलेलं नाही. गेल्या रविवारी त्याची आई, हिरामावशी, एकटीच एसटीने आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीतून हलगी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “माझ्या पोराचा सवाल हाय तुझ्यावर. मुदत सरली तरी थांबते. त्येच्या वर्सराद्धाला बाजारात स्टेज हाय, तितं ये. जवाब आसंल तर दे, नसंल तर ही त्येच्या फोटूम्होरं ठेव.” मी बारीक तोंड करून मान हलवली. हलगी ठेवायची, असंच मी ठरवलंय. शेवंतीचा हारसुद्धा आणून ठेवलाय.

पंखा फिरतोय. शेजारच्या कारखान्यातले माग खडखडतायत. मी कुशीवर वळते.

माग थांबतात.

सगळे एकदम. असं कधी होत नाही, लाइट गेली तरी थोडा वेळ कुठलं ना कुठलं चाक फिरत असतं. मी उठून बसते तर खाट आमच्या शेडमध्ये आहे. चारही माग जागेवर आहेत. मला आनंदाने ओरडावंसं वाटतं, पण मागांवर कापड नाही, उसाची पानं विणलेली आहेत, हिरवीगार. तिसऱ्या मागाच्या बीमवर, सुताच्या रुळावर, पाय सोडून रगेल बसलाय. अंगात तोच काळा शर्ट, बाह्या वर सरकवलेल्या.

“काय गं कांडी, झोपलीस व्हय? पाचला कार्यक्रम हाय न्हवं?”

“तू मेलायस,” मी म्हणते.

“ते म्हाईत हाय मला. तू का मेल्यावानी पडलीयास?”

मला इतका राग येतो, इतका राग, की आनंद कुठला आणि राग कुठला ते कळत नाही. वर्षभर ज्याच्यासाठी लोकांसमोर रडता आलं नाही तो समोर बसून दात काढतोय. वैऱ्यासाठी कसं रडायचं? कांडी गटाच्या पोरी म्हणाल्या असत्या, नाटक करते.

“उतर खाली,” मी म्हणते. “आमच्या बीमवर बसायचं नाही.”

तो उतरतो आणि पाय जमिनीला लागतात ते गुऱ्हाळात. शेडचा पत्रा वर आहे, पण खाली काहिलीत रस उकळतोय, मळी वर आलीय, गोड वाफेने डोळे चुरचुरतात. त्याचा पहिला व्हिडिओ इथेच झाला होता. चुलवणात चिपाड सरकवत तो बसतो आणि माझ्याकडे हात पुढे करतो. माझ्या हातात हलगी आहे. कधी आली माहीत नाही.

“वाजव,” तो म्हणतो.

मी वाजवते. भद. भद. भद.

तो पोट धरून हसतो. “अजून शिकली न्हाईस! आठवतंय का पहिला सामना?”

आठवत नाही कसं? कोल्हापुरात, कॉलेजच्या गॅदरिंगला. त्याची पाळी, म्हणून ठेका माझा. मी मागावर वाढलेली पोरगी. मागाचं बटण दाबलं की ताल सुरू. हलगी उचलली आणि ठोकली. भद भद. अख्खं सभागृह हसलं. मला वाटलं, याने मुद्दाम फुटकी हलगी दिली. मी माइकवरच त्याला शिव्या घातल्या. तो आला, माझ्या हातातून हलगी घेतली, कोपऱ्यात वर्तमानपत्र पेटवून त्यावर ती गोल गोल फिरवली आणि परत दिली. “पान गार आसलं की ती बोलत न्हाई,” एवढंच म्हणाला; पान म्हणजे तिच्यावरचं कातडं. मग मी वाजवलं आणि त्या कडकडाटावर त्याने माझी अशी धुलाई केली की मी चार दिवस कॉलेजला गेले नाही. वैऱ्याच्या हातातलं हत्यार स्वतः तापवून द्यायचं आणि मग त्याला हरवायचं. असला माज मी दुसऱ्या कुणात बघितला नाही.

“आठ दिवस खिळ्याला टांगलीयास,” तो म्हणतो, “एकदा तरी तापीवलीस?”

“फुटली तर?”

“फुटली तर फुटली.”

“मावशीला काय सांगू?”

तो माझ्या हातातून हलगी घेतो. जाळावर हलगी फिरवतो. डिंग डिंग बोटाने वाजवून बघतो, परत फिरवतो. मला माहीत आहे आता काय काढायचं. वर्षभर मनात अडकलेलं तेच आहे.

“इंदर,” मी म्हणते. रगेल म्हणवत नाही. “ती तुझ्या बाबांवरची ओळ...”

ती ओळ इथे परत लिहिणार नाही. लोकांच्या वरातीत वाजवणाऱ्या त्याच्या बापावर होती. टाळ्या पडल्या होत्या. सगळ्यात जास्त टाळ्या त्याच ओळीला, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

“वळ भारी हुती,” तो म्हणतो. “बाप हसला हुता. म्हणला, पोरगी चांगली जुळीवती.”

“आणि मावशी?”

“आई न्हाई हसली.”

“मी ती मागं घेतो,” मी म्हणते. आमच्याकडे बायकाही आलो-गेलोच म्हणतात, हसू नका.

“गाणं मागं येतंय व्हय? आता फुडं म्हण.” तो उठतो. “चल, गाडी लागली.”

गुऱ्हाळाच्या दारात लाल एसटी उभी आहे. आत पाय ठेवते तर आत मुरगूडची बाजारपेठ. दुकानं, मिरच्यांचे ढीग, मंडप आणि मधोमध स्टेज. सगळं गाडीच्या दोन दारांच्या मध्ये. खुर्च्यांवर दोन्ही गट बसलेत, पण मिसळून, कोण कुठल्या गटाचा कळत नाही. पहिल्या रांगेत हिरामावशी. तिच्या मांडीवर आमच्या मागाचा धोटा आहे आणि ती त्यावरून हात फिरवतेय.

कंडक्टर दोरी ओढतो. टिंग टिंग. सामना सुरू.

अहो, काय सांगू तुम्हाला! त्याची काठी पानावर पडते आणि माझ्या पाठीच्या कण्यातून जाळ वर येतो. वर्षभर मी फोनवरचे ठेके लावून बघितले, एकही अंगाला लागला नव्हता. हा लागला. हा मला पाडायला निघालाय, नेहमीसारखा, सुरुवातीलाच लय चौपट करून. मी तोंड उघडते आणि पहिल्याच शब्दाला घसरते.

“बस्स? एवढीच व्हय कांडी?” तो ओरडतो. लोक हसतात.

“थांब की! श्वास घेऊ दे.”

“मी मेलोय, मला थांबता येतंय. तुला न्हाई.”

परत काठी पडते. आणखी जलद. मी त्याच्या हाताकडे बघते. तीन वर्षं हेच केलं. त्याचा हात बघायचा, तो कुठे दगा देणार ते ओळखायचं आणि त्याच्या आधी तिथे पोचायचं. मागाकडे असं कधी बघावं लागलं नाही. माग दगा देत नाही. मागावर मी नुसती गात होते. लढायला मी याच्या हलगीवर शिकले.

आणि तिथे मला सवालाचा जवाब दिसतो. दिसतो म्हणजे अक्षरशः समोर उभा, काळ्या शर्टात, घामाने निथळत. ओळी माझ्या तोंडातून आपोआप निघतात:

‘माग गेला भंगारात, शेडला कुलूप आज,
तरी ठेका सुटला न्हाई, तुझ्या हलगीचा आवाज!
मला पाडाय वाजीवलंस, मी त्यावरच शिकलो पळाय,
कोण वैरी, कोण सोबती, वर्स गेलं कळाय!’

मंडप उठतो. टोप्या उडतात, मिरच्या उडतात. कंडक्टर वेड्यासारखा दोरी ओढतोय. मी नाचतेय, रडतेय, दोन्ही. रगेल काठ्या वर करून ओरडतो, “जाळ आन् धूर संगटच!” आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे मान लववतो. जास्त नाही, थोडीच. माज आहेच.

“जमलं?” मी विचारते.

“दुसरी वळ जरा ढिली हाय. पर जमलं.”

गर्दी विरळ होत जाते. खुर्च्या रिकाम्या आहेत, फक्त पहिल्या रांगेतली एक भरलेली. मला एकदम धास्ती वाटते.

“पण पाच वाजता काय करू? नियम आहे. ठेका समोरच्याने धरायचा. समोर तर कोणीच नाही.”

“हाय की,” तो म्हणतो. “माझ्या बदली आई वाजवंल.”

“मावशीला हलगी येते?”

तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो की मला चौथीतल्या पोरीसारखं वाटतं. “बाप दमला की वरातीत काठ्या कुणाच्या हातात जायच्या, वाटतंय तुला? आन् जाळावर पान कोण धरायचं? मी तिच्याकडंच शिकलो. तिला कुणी इचारलंच न्हाई कवा. तू इचार.”

“ती मला वाजवून देईल? त्या ओळीनंतर?”

“लई जोरात वाजीवंल,” तो हसतो. “पाडायला बघंल तुला. टिक म्हंजे झालं.”

तो हलगी माझ्या हातात देतो. तापलेली आहे, मी हात झटकते. “धर की, गार हुतीया,” तो म्हणतो. मला त्याला अजून खूप विचारायचंय. दुखलं का, तिकडे ऐकणारं कोणी आहे का. पण एसटीचं इंजिन सुरू होतं, खडखड, खडखड, खडखड...

माग. शेजारचे माग.

पंखा फिरतोय. खाटेवर मीच, अंगाखाली चुरगळलेली चादर. घड्याळात सव्वा वाजलाय. घरात कोणी नाही, आई-बाबा मामाकडे गेलेत, गॅस मी स्वतः बंद केलेला. हार टेबलावर पुड्यात तसाच आहे.

मी भिंतीपाशी जाते. आठ दिवस ही हलगी जाता-येता बघतेय. पान ढिलं, मधोमध खोलगट, बोट लावलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखं दबायचं. त्या भिंतीवर ऊन कधीच येत नाही.

मी एक बोट मारते.

टण्ण!

अख्ख्या खोलीत आवाज फिरतो. पान ताठ आहे, तळहात टेकवते तर गरम. भोवतीची लोखंडी कडी तर इतकी तापलीय की ओढणीत धरून खिळ्यावरून उतरवावी लागते. मी तिथेच खाली बसते, ती छातीशी धरून, आणि मोठ्याने रडते. वर्षभराचं. शेजारच्या मागांमुळे कोणाला ऐकूही जात नाही.

मग उठते. तोंड धुते. हार तिथेच ठेवते, त्याची आता गरज नाही. दीडची गाडी मिळाली तर कागलला बदलून चारपर्यंत मुरगुडात पोचेन.

तिथवर ही गार होणार. होऊ दे. तापवून देणारं माणूस पहिल्या रांगेत बसलेलं असेल.