चाकावरची नाल

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. झरीजवळच्या आमच्या शेतातली सोयाबीनची गंजी मळायचे साडेतीन हजार रुपये ठरले. ठरवताना मी, माझी बायको, हडंब्याचा मालक आणि त्याची आई एवढे जण हजर होतो. हडंबा म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारे मळणीयंत्र. मालक तिशीचा, पेंढ्या स्वतःच यंत्राच्या तोंडात लोटायचा. मागच्या हंगामात त्याच तोंडात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली होती.

यंत्र सुरू झाले आणि थोड्याच वेळात माझे लक्ष दाण्यांवरून उडाले. टायरांना लावलेले दगड सरकत होते. मालक ज्या फळीवर उभा होता ती प्रत्येक हिसक्याला हले आणि त्याचा हात पेंढीमागोमाग नको तेवढा आत जाई. मी ट्रॅक्टर बंद करायला लावला.

तो वैतागला. "भाऊ, यंत्र हाय, हलणारच. पूर्णेकडून आभाळ भरून यायलंय. गंजी भिजली तर मलाच बोलशाल."

मागच्या वर्षी असेच हलत होते का, असे मी विचारले. तो म्हणाला की दसऱ्यापासून वाढले आहे, बेअरिंग गेले असेल. हात लावून पाहिले तर बेअरिंग गरम नव्हते. पण ते धरून ठेवणारे बोल्ट सैल झाले होते.

बायकोने बाजूच्या जड लोखंडी चाकाकडे बोट दाखवले. ड्रमबरोबर फिरणाऱ्या त्या चाकाच्या कडेला घोड्याची नाल वेल्डिंग करून बसवली होती, वर हळदकुंकू. खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली तेव्हा म्हातारीनेच ती बसवून घेतली होती, पोराचा हात पुन्हा जाऊ नये म्हणून.

ट्रॅक्टरचा शाफ्ट सोडवून मी चाक हाताने फिरवले. नाल खाली येऊन थांबली. पुन्हा फिरवले, पुन्हा नाल खालीच.

मी म्हातारीला सांगितले, मावशी, भरलेली कळशी दोरीला बांधून गरगरा फिरवली की हात ओढला जातो, तशी ही नाल चाकाला ओढते. वजन पाव किलो असेल, पण या वेगात ओढ चाळीस किलोच्या आसपास जाते. नाल काढावी लागेल.

ती उठली आणि नालेवर तळहात ठेवून चाकाशी बसली.

"बोटं गेली तवा नाल नव्हती," ती म्हणाली. "तवा यंत्र लय गुमान पळायलं हुतं. मग गेली कशी?"

आईच्या मनाविरुद्ध नाल काढली तर आपण यंत्राच्या तोंडापुढे उभे राहणार नाही, असे मालक म्हणाला. नालेसकट मी त्याला उभे राहू देणार नव्हतो. आभाळ खाली येत होते आणि कोणी हलत नव्हते.

शेवटी बायको म्हणाली, "काढायची नसेल तर समोरच्या कडेला तेवढंच वजन बसवा की."

शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यालगतच्या खोलीत बैलांच्या खुरांना ठोकायच्या जुन्या पत्र्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. नालेच्या बरोबर समोर मी एकेक तारेने बांधत गेलो. चौथीपर्यंत नाल खाली येत राहिली, फक्त दर वेळी सावकाश. पाचवी बांधली आणि चाक जिथे सोडले तिथे थांबले. नाल वर ठेवली, आडवी ठेवली, तरी हलले नाही.

तारेवर भरवसा नव्हता, म्हणून यंत्र ओढत झरीत वेल्डरकडे नेले. नाल उडवून टाकणे दोन मिनिटांचे काम, असे तो म्हणाला. म्हातारीने पुन्हा नालेवर तळहात ठेवला.

"बरं मावशी," तो म्हणाला, "घोड्याच्या जोडीला बैल जुंपू."

पत्र्या गार झाल्यावर तिने त्यांनाही हळदकुंकू लावले. आम्ही बोल्ट आवळले आणि शेतात परतलो.

यंत्र पुन्हा सुरू केले. दगड जागचे हलले नाहीत. गंजी संपेपर्यंत मी दाण्यांकडे पाहिले नाही, मालकाच्या मनगटाकडे पाहत होतो. ते यंत्राच्या तोंडाच्या कडेपाशी थांबे आणि मागे येई, प्रत्येक वेळी. शेवटच्या पेंढ्यांवर थेंब पडले.

वेल्डरचे दोनशे मी दिले होते. मळणीचे साडेतीन हजार मालकापुढे धरले, तर त्याने आईकडे मान केली. तिने त्यातले शंभर मला परत दिले. "पत्र्या तुमच्या हुत्या." उरलेले तीन हजार चारशे तिने कनवटीला लावले.